उडून जाणारं तेल

सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मागच्या रविवारी तीन पुड्या आणल्या. एकीत कापूर, दुसरीत पुदिन्याचं फूल, तिसरीत ओव्याचं फूल. म्हणायला फूल, पण ते असतात पांढरे खडे, अगदी कोरडे. दहावीतली भाची सुट्टीला आली होती. तिला म्हटलं, तुझ्या हातानंच कर. तिनं काचेची छोटी बाटली घेतली, तिन्ही खडे सारख्या मापानं आत टाकले, बूच लावलं आणि बाटली हलवायला लागली. पाणी घातलं नव्हतं, गॅस पेटवला नव्हता. मिनिटाभरात खड्यांच्या कडा ओल्या दिसायला लागल्या, मग ते एकमेकांना चिकटले, आणि थोड्या वेळानं बाटलीत तेलासारखं स्वच्छ, पातळ काहीतरी डुचमळत होतं.

"मावशी, पाणी कुठून आलं?"

पाणी कुठूनच आलं नव्हतं. तीन घट्ट पदार्थांनी मिळून एकमेकांना वितळवलं होतं. जुन्या घरांमध्ये ही बाटली 'अमृतधारा' म्हणून असायची. पोटात कळ आली की साखरेवर थेंब, डोकं चढलं की कपाळाला बोट. यामागचं रसायन मात्र घरात कुणी सांगत नसे.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. ते साधारण ५० अंशांना वितळतं. पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल, ते ४२-४३ अंशांना. (सोलापूरचा मे महिना आठवा, म्हणजे हे खडे कधीकधी पुडीतच का ओघळतात ते कळेल.) कापूर वितळायला १७५ अंशांच्या पुढे जावं लागतं. पण एकाच मापाच्या विटांची भिंत नीट उभी राहते, तीन मापांच्या विटा मिसळल्या की ती ढासळते, तसं इथं होतं. थायमॉलचा रेणू कापराच्या रेणूला जाऊन धरतो, मेन्थॉलचाही धरतो, आणि स्वतःच्या रांगेत परत बसायला कुणीच तयार नसतं. रांग मोडली की घट्टपणा गेला. म्हणून मिश्रणाचा वितळण्याचा अंश खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो.

भाचीचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. "मग हे तेल आहे का?"

वहीचा एक कागद फाडून त्यावर दोन थेंब टाकले. एक शेंगदाणा तेलाचा, दुसरा निलगिरी तेलाचा. दोन्हींचे सारखेच अर्धपारदर्शक डाग पडले. कागद खिडकीत अडकवला. तासाभरानं शेंगदाण्याचा डाग होता तसाच, उलट थोडा पसरलेला, आणि निलगिरीच्या जागी कोरा कागद. नुसता वास राहिला होता, संध्याकाळपर्यंत तोही गेला.

सोलापूरकरांना तेल म्हटलं की शेंगा आठवतात, करडई आठवते. करडईच्या संशोधनाचं केंद्र इथंच आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथंच आहे, आणि डाळिंबाच्या बियांतूनही तेल निघतं. पण ही सगळी 'बसणारी' तेलं. त्यांचा रेणू जड असतो. एका ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांबलचक शेपट्या लटकलेल्या, एकूण वजन ८८०च्या आसपास (हायड्रोजनचा अणू १ धरला तर). थायमॉलचा रेणू १५०चा, संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा १३६चा. जड रेणू कागदाला धरून बसतो, हलका रेणू हवेत उठतो. नाकापर्यंत पोचायचं तर आधी हवेत उठावं लागतं, म्हणून ज्याला वास आहे ते उडणारं आहे. आयुर्वेदाच्या पुस्तकांत यांना 'उडनशील तैल' म्हणतात, आणि ते नाव नेमकं आहे. इंटरनेटवर हल्ली 'आवश्यक तेल' असं भाषांतर दिसतं ते चुकीचं आहे. 'इसेन्शियल'चा इथला अर्थ गरजेचं असा नाही. अर्क, सत्त्व, गंधाचा गाभा असा आहे. शरीराला या तेलांची अन्नासारखी गरज नसते, आणि ही एक गोष्ट कळली तरी पुढचे बरेच गैरसमज टळतात.

वनस्पती हे तेल ठेवतात कुठे? बेलाचं पान घ्या आणि उजेडासमोर धरा. सिद्धेश्वराला बेल वाहणारी आपण माणसं, पण पान वाहण्याआधी उजेडात कोण धरतं! पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. कढीपत्ता आणि लिंबाच्या पानातही त्या दिसतात, कारण ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. तुळशीचा आणि पुदिन्याचा प्रकार निराळा. त्यांच्या पानावर सूक्ष्म केस असतात आणि केसांच्या टोकाला तेलाची गाठोडी. म्हणून तुळशीला नुसता हात लागला तरी वास येतो, बेलाचं पान मात्र चुरगाळावं लागतं.

संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबून बघा, मोठ्या माणसाच्या देखत. फवारा उडतो आणि ज्योतीत ठिणग्या तडतडतात. तीच साल फुगलेल्या फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो, कारण लिमोनीन रबराला विरघळवतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शरीराविषयी बोलताना ती पुन्हा येणार आहे.

झाड हे तेल आपल्या सर्दी-पडशासाठी बनवत नाही. पानं कुरतडणाऱ्या किड्याला हुसकवायला, बुरशीला रोखायला, परागकण नेणाऱ्या माशीला बोलवायला ते बनवतं. पळून जाता येत नाही, ओरडता येत नाही, मग झाड वासानं बोलतं. मारायला बनवलेलं रसायन कमी मात्रेत औषध ठरू शकतं, आणि तेच जास्त मात्रेत विषही.

एकाच सुताच्या नक्ष्या

सोलापुरी चादर ज्यांनी मागावर विणताना पाहिली आहे त्यांना या तेलांचं रसायन समजवणं सोपं जातं. सूत तेच, नक्षी ठरवणारी जॅकार्डची पट्टी बदलली की मोर होतो, फूल होतं, वेलबुट्टी होते. वनस्पतींकडे असाच एक धागा आहे, पाच कार्बन अणूंचा तुकडा. त्याला आयसोप्रीन म्हणतात. दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचा रेणू. लिमोनीन, मेन्थॉल, कापूर, थायमॉल, निलगिरीतलं सिनिओल, गवती चहातलं सिट्रल, ही सगळी त्या दहाच्या घरातली. तीन तुकडे जोडले की पंधरा कार्बनचा रेणू, आणि तिथं वाळ्याच्या, चंदनाच्या वासाचं घर सुरू होतं. या कुळाला टर्पीन म्हणतात. जर्मनीच्या ओटो वालाख यांनी या तेलांच्या बाटल्यांमधल्या गुंत्यातून एकेक रेणू वेगळा काढून ओळखला, त्याबद्दल त्यांना १९१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी प्रत्येक झाडाचा 'कापूर' आणि प्रत्येक झाडाचं 'टर्पीन' निराळंच मानलं जायचं.

दहा आणि पंधरातला फरक माठात कळतो. वाळ्याची जुडी माठात घातली की पाण्याला दिवसचे दिवस वास राहतो. लिंबाची साल घातली तर वास दुपारपर्यंतही टिकत नाही. पंधरा कार्बनचा रेणू जड, त्याला उठायला वेळ लागतो. अत्तरवाले याच हिशेबानं मिश्रण करतात. आधी येणारा वास हलक्या रेणूंचा, आणि कपड्याला रात्रभर राहणारा जडांचा.

आता मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट. पुदिन्याची चटणी आणि बाळंतशेपा यांचे वास शेजारी ठेवून बघा. काही साम्य वाटत नाही. पण दोन्हींत कार्व्होन नावाचा रेणू आहे. तेच अणू, तेच जोड, तोच क्रम. फरक एवढाच की एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, डाव्या हाताला उजवा हात असतो तसं. डावा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तसाच नाकातल्या ग्राहकांनाही, म्हणजे वासाचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांनाही, हा फरक कळतो. बाळंतिणीच्या डब्यातला वास आणि चटणीतला वास एकमेकांचे आरसे आहेत, हे वर्गात सांगितलं की मुलं हमखास दोन्ही आणून हुंगतात.

सगळीच तेलं आयसोप्रीनच्या सुताची नसतात. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, बडीशेपेतलं अॅनिथोल ही वेगळ्या मागावरची विणकामं आहेत. तिथं मूळ धागा आहे सहा कार्बनच्या कड्याला जोडलेली तीन कार्बनची शेपटी. आणि आपल्या मार्केट यार्डात ट्रकच्या ट्रक उतरतो त्या कांद्याचा वास तर गंधकाच्या रेणूंचा, त्याचं गणितच स्वतंत्र.

काढायचं कसं

सिट्रल २२९ अंशांना उकळतं, थायमॉल २३३ला, युजेनॉल २५४ला. एवढ्या तापमानाला पान जळून जाईल आणि तेलाचंही वाटोळं होईल. मग शेकडो वर्षं माणसं साध्या चुलीवर हे तेल कशी काढत आली?

घरी करून बघण्यासारखं आहे. मोठ्या पातेल्यात दोन मुठी ओवा जाडसर भरडून घाला, तांब्याभर पाणी घाला. मध्ये स्टीलचं तिवई-स्टँड ठेवून त्यावर वाटी ठेवा. झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येईल, आणि झाकणावर बर्फ. मंद आच. अर्ध्या तासानं वाटीत दुधट पाणी जमतं. तोच ओव्याचा अर्क. वाटी तिरकी करून उजेडात धरली की पाण्यावर तेलाचे चपटे, चमकणारे ठिपके तरंगताना दिसतात. माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी शेजारच्या दोन घरांनी 'कुणाचं पोट दुखतंय' म्हणून विचारणा केली होती.

पाणी उकळतं म्हणजे काय होतं? त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. हवेचं झाकण उचलायचं आहे असं समजा. पाणी एकटं असेल तर त्याला १०० अंशांपर्यंत तापून सगळा भार एकट्यानं उचलावा लागतो. (सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथं १००च्या थोडं आधीच.) पण सोबत तेल असेल आणि ते पाण्यात मिसळत नसेल, तर दोघं आपापला जोर स्वतंत्रपणे लावतात आणि दोन्ही जोरांची बेरीज होते. तेलाचा वाटा लहान असतो, पण तेवढा भार पाण्यावरून कमी होतो. म्हणून दोघं मिळून १००च्या आतच उकळतात. लिमोनीन एकटं १७६ अंशांना उकळणारं, पाण्याच्या सोबतीनं ९८च्या आसपास निघून येतं. वाफ थंड केली की पाणी आणि तेल पुन्हा वेगळे, बहुतेक तेलं वर तरंगतात. लवंगेचं तेल मात्र पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं.

उत्तर प्रदेशात, अत्तरांच्या कनौजला हेच काम तांब्याच्या देगीत होतं. देगीतून बांबूची नळी निघते आणि पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ थंड होऊन जमते त्या भांड्यात, जाते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते फुलाचा वास धरून ठेवतं. गुलाबाचं शुद्ध तेल काढायचं तर एका किलोला साधारण चार टन पाकळ्या लागतात. वाळ्याची मुळं दिवसभर आणि कधी त्याहूनही जास्त वेळ वाफेवर ठेवावी लागतात, कारण पंधरा कार्बनवाले सावकाश निघतात. मोगरा, जाई यांना वाफ सोसत नाही. त्यांचा गंध पूर्वी चरबीच्या थरावर फुलं पसरून धरायचे. आता हेक्झेनसारख्या द्रावकात धुऊन काढतात आणि मग द्रावक उडवून टाकतात. संत्र्या-लिंबाच्या साली नुसत्या दाबून तेल निघतं. कार्बन डायऑक्साइडला ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या ७३ पटींहून जास्त दाबाखाली ठेवलं की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही. त्या अवस्थेत तो तेल ओढून घेतो आणि दाब सोडला की मागे काही न ठेवता निघून जातो. यंत्र महाग, पण तेल फार सुंदर मिळतं.

शेतकरी ओळखीचे असल्यानं गवती चह्याबद्दल मला नेहमी विचारणा होते. पीक कणखर आहे, एकदा लावलं की चार-पाच वर्षं चालतं, वर्षातून अनेक कापण्या. पण टनाला तेल निघतं तीन ते पाच किलो. म्हणजे हिरवं गवत लांब वाहून न्यायला परवडत नाही. वाफेचं यंत्र जवळ कुठे आहे आणि तेल कोण घेणार, हे ठरल्याशिवाय एक ठोंबही लावू नका. रोपं विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर लावलेलं गवत शेवटी जनावरांसमोर टाकावं लागलेलं मी पाहिलं आहे.

गवताचा विषय निघाला आहे तर आपल्याच महाराष्ट्रातली एक हकीकत सांगायलाच हवी. खानदेशच्या माळरानावर रोशा गवत उगवतं. त्याचं तेल गुडघ्याला चोळायला आपल्याकडे वापरतातच. त्या तेलात तीन-चतुर्थांशाहून जास्त जिरॅनिऑल हा गुलाबासारख्या वासाचा रेणू असतो, आणि गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतं. एकोणिसाव्या शतकात हे रोशा तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथं गुलाबाच्या महागड्या तेलात बेमालूम मिसळलं जायचं. युरोपच्या बाजारात त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' असं नाव पडलं. उगम खानदेशात, नाव तुर्कस्तानचं.

आज भेसळ कशी पकडतात? वारीसारखं. एका ठिकाणाहून सगळे एकाच वेळी निघतात, पण पंढरपुरात सगळे एकाच वेळी पोचत नाहीत. कुणी प्रत्येक मुक्कामाला टेकतो, कुणी सरळ चालत राहतो. गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात केसाएवढी बारीक, साधारण ३० मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. तेलाचा कण एका टोकाला सोडतात. नळीच्या आतल्या लेपाला जो रेणू जास्त चिकटतो तो उशिरा पोचतो, हलका आधी. दुसऱ्या टोकाला कोण कधी आलं आणि किती संख्येनं आलं याची नोंद होते. खऱ्या गुलाबाच्या दिंडीत कोण किती असतात हे माहीत असतं, त्यामुळे घुसलेला कळतो. डावा-उजवा रेणू वेगळा करणाऱ्या नळ्याही असतात, कारण कारखान्यात बनवलेल्या रेणूत बऱ्याचदा डावे-उजवे सारख्या संख्येनं येतात आणि झाड मात्र एकाच हाताचे जास्त बनवतं.

औषध कुठवर

काही उपयोग पक्के आहेत. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर जो ओळखीचा वास येतो तो युजेनॉलचा. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दातात भरायचं सिमेंट करतात. लवंग दाढेखाली धरणाऱ्या आजीचं आणि त्या डॉक्टरचं रसायन एकच. ओव्याचं थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण फाडतं. फुगा आठवतो ना? तोच प्रकार, मेदाचं आवरण आणि मेदात विरघळणारा रेणू. लिस्टरीनसारख्या गुळण्यांच्या औषधात थायमॉल, मेन्थॉल, सिनिओल आणि विंटरग्रीन नावाच्या झुडपातलं मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि दातांवरचा थर कमी करण्याचा त्याचा परिणाम तपासलेला आहे. पहिल्या महायुद्धाआधी थायमॉल काढण्यासाठी आपला ओवा जर्मनीला जायचा, आणि त्या काळी थायमॉल आतड्यातल्या अंकुशकृमींवरचं औषध होतं.

आतडं वारंवार पिळवटून येणाऱ्या त्रासावर, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा चांगला पुरावा आहे. मेन्थॉल आतड्याच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो. पण त्या कॅप्सूलवर असं आवरण असतं की ती पोटात न उघडता पुढे आतड्यात उघडते. तेच तेल नुसतं प्यायलं तर अन्ननलिकेच्या खालचा झडपेसारखा स्नायू सैल होऊन छातीत जळजळ सुरू होते. रेणू तोच, पण कुठे आणि किती पोचवला त्यावर सगळं अवलंबून.

मेन्थॉलचा गारवा तर निव्वळ संवेदनेचा आहे. बाम लावलेल्या कपाळाला थर्मामीटर लावा, तापमान जवळजवळ तेवढंच. त्वचेच्या नसांच्या टोकाला थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं, मेन्थॉल त्याला चालू करतं, आणि मेंदूला निरोप जातो की गार लागतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन असंच उष्णतेचं प्रथिन चालू करतं. या स्पर्श-तापमानाच्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ते वर्ष मला दुसऱ्या कारणानं आठवतं. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सगळ्यांच्या मोबाईलवर एक निरोप फिरत होता. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब रुमालात बांधा, पोटली हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. माझ्या मामांनी ती पोटली उशाशी ठेवली होती. फोनवर म्हणायचे, "अगं, हुंगली की छाती कशी मोकळी होते, मला दवाखान्याची गरज नाही." तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलानं ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८८. नऊ दिवस त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. ते वाचले. आमच्या गल्लीतले सगळे वाचले नाहीत.

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मोकळं वाटत होतं. नाकाच्या आतल्या त्वचेतही तेच थंडीचं प्रथिन असतं. श्वास आत जाताना नाक गार पडतं, त्या गारव्यावरून मेंदू ओळखतो की हवा आत येते आहे. मेन्थॉल, कापूर, निलगिरी तोच गारवा खोटा निर्माण करतात. १९८३ साली ब्रिटनमध्ये संशोधकांनी या तिन्हींची वाफ देऊन नाकातला हवेचा अडथळा मोजला. अडथळा तेवढाच होता, माणसांना मात्र हवा जास्त येते आहे असं वाटत होतं. चोंदलेल्या नाकानं झोप येत नसेल तर ही भावनाही मोलाची आहे, मी स्वतः बाम लावते. पण फुप्फुसातून रक्तात किती ऑक्सिजन गेला याच्याशी तिचा काही संबंध नाही. ही एवढी गोष्ट त्या एप्रिलमध्ये प्रत्येक घरात कुणीतरी सांगायला हवी होती. मला माहीत होती. मीही फोनवर वेळेत सांगितली नाही, ती बोच अजून आहे.

काचेच्या बशीत जंतू मारले म्हणजे शरीरात मारले असं होत नाही, हेही याच ओळीतलं. बशीत जेवढं दाट तेल जंतूंवर पडतं तेवढं दाट रक्तात व्हायचं तर आधी आपणच आजारी पडू.

थेंबाचा हिशेब

लवंगेत वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. एक लवंग साधारण ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी. म्हणजे चहाचा एक चमचा, पाच मिलिलिटर लवंग तेल हे ढोबळ हिशेबानं साडेतीनशे लवंगांचं. साडेतीनशे लवंगा कुणी एका वेळी चावणार नाही, पण बाटलीतून चमचाभर तेल घशाखाली जायला एक क्षण पुरतो. लहान मुलांनी एखाद-दोन चमचे लवंग तेल प्यायल्यावर यकृत निकामी होण्याच्या बेतात गेल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात जवळजवळ सात ग्रॅम अॅस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, म्हणजे साध्या गोळ्यांची अख्खी पाकिटं. ते घातलेलं सांधेदुखीचं तेल देवघराच्या कोनाड्यात ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कापराबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो घरात सगळीकडे असतो. आरतीच्या ताटात, कपाटात, बाळाच्या गळ्यातल्या पुरचुंडीत. खडा खडीसाखरेसारखा दिसतो. मुलानं गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापूर त्वचेतून आणि श्वासातूनही आत जातो, आणि बाळाची त्वचा पातळ, वजन कमी. अमेरिकेत औषधी मलमांमधलं कापराचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्या पुरचुंडीत तो शंभर टक्के असतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाजवळ, छातीवर कापूर, मेन्थॉल किंवा निलगिरी लावू नका, 'नैसर्गिक' लिहिलं असलं तरी. निलगिरी तेल पोटात गेल्यावरही झटके येतात.

मोठ्यांनीही तेल निखळ लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन टक्के मिसळलं तरी पुरतं, म्हणजे शंभर थेंबांत एक-दोन थेंब. दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून सोलापूरच्या उन्हात निघालात तर कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग उठतात, कारण त्यातले काही रेणू उन्हाशी मिळून त्वचा जाळतात. बाटली गडद काचेची, बूच घट्ट, थंड जागा. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, फुग्याचं जे झालं तेच तिचं होईल. उघडी राहिलेली जुनी लिंबू-संत्र्याची तेलं हवेतल्या ऑक्सिजननं बदलतात आणि अंगावर पुरळ उठवतात, ती फरशी पुसायला वापरा.

भाचीच्या अमृतधारेच्या बाटलीवर आम्ही कागद चिकटवला. आत काय आहे, कधी केलं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'लहान मुलांना देऊ नये'. बाटली माळ्याच्या कपाटात गेली.

आणि एखाद्या मुलानं असं तेल किंवा कापूर गिळलाच, तर उलटी करवू नका. तेल वर येताना फुप्फुसात गेलं तर तिथं न्यूमोनिया होतो. दूध, तूप पाजू नका, ही तेलं मेदात विरघळतात आणि उलट लवकर आत शोषली जातात. मुलाला कुशीवर ठेवा, रिक्षा करा, थेट दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या, म्हणजे आत काय होतं हे डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.